पाठ झालेला तक्ता

"मॅडम, तुमच्या सगळ्या चित्रांत मुलगेच का आहेत? मुलींना हे होतच नाही का?"

हा प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, प्रश्न भोंगा आणि चिमटीचा होता. शाळेच्या सभागृहात आम्ही तिघी मागच्या बाजूला बसलो होतो, डोक्यावर पंखा कुरकुरत होता आणि पुढे शाळेतल्या नव्या समुपदेशक मॅडम पडद्यावर एकामागून एक चित्रं दाखवत होत्या. विषय ऑटिझम. एक मुलगा खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत बसलाय. एक मुलगा कानांवर हात दाबून उभा आहे. एक मुलगा ठोकळ्यांची रांग लावतोय. भोंगा माझ्या कानात म्हणाली, "सगळे बाप्येच आहेत गं. विचार की." ती कानात बोलली तरी अर्ध्या सभागृहाला ऐकू जातं, म्हणून तर ती भोंगा. चिमटीने माझ्या दंडाला चिमटा काढला. "झेरॉक्स कसली विचारतेय. विचारलंस तर आठवडाभर माझ्या डब्यातला पहिला घास तुझा."

झेरॉक्स म्हणजे मी. हे नाव अख्ख्या वर्गाने मिळून ठेवलंय आणि ते अगदी बरोबर आहे. मी ज्या मुलीशेजारी बसते तिच्यासारखी हसायला लागते. भोंगाचं हसू नाकातून सुरू होऊन पोटात जातं, माझंही हल्ली तसंच जातं. त्याआधी माझ्या बाकावर एक मुलगी होती, ती बोलताना वेणी पुढे घेऊन तिच्या टोकाशी खेळायची. ती शाळा सोडून गेली, वेणी माझ्याकडे राहिली. माझं अक्षर तर आमच्या जुन्या वर्गशिक्षिकेचं आहे, त्यांचा "श" पोटातून वाकडा यायचा तो सुद्धा मी सोडलेला नाही. सगळ्यांना याची फार मजा वाटते. मलाही वाटते, आणि मजा वाटली की मी नाकातून सुरू करून पोटापर्यंत हसते.

पण या वर्षापासून माझी भीड चेपली आहे. एक तर या दोघी मला चिकटल्या. त्या दोघी असल्या की मला वाक्य अर्धंच तयार ठेवावं लागतं, उरलेलं त्याच ओढून नेतात. आणि दुसरं म्हणजे पैज. मी उभी राहिले आणि विचारलं.

सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मागे वळून स्वतःच्याच पडद्याकडे असं बघितलं, जसं काही तिथे दुसऱ्याच कुणीतरी चित्रं लावली होती. मग म्हणाल्या, "ही चित्रं मला तयार मिळाली. मी रोज दाखवते. हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता." आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.

"मुलींना होतं," त्या म्हणाल्या. "पटकन दिसत नाही. पुष्कळ मुली आधी बाजूला उभ्या राहून बाकीच्यांकडे बघून घेतात. कुठे हसायचं, किती हसायचं, कधी 'अय्या' म्हणायचं. मग तसंच करतात. कुणाशी बोलायला जायच्या आधी वाक्यं मनात म्हणून बघतात. शाळेत बाई खूश, घरी पाहुणे खूश. शहाणी मुलगी, गुणी मुलगी. आणि घरी गेल्यावर तिच्यात एवढासुद्धा जीव उरलेला नसतो. कधी पोट दुखतं, कधी ती विनाकारण चिडते, रडते. मग घरचे म्हणतात, बाहेर तर बरी असते, घरीच काय होतं हिला?"

खरं सांगते, मला आधी वाटलं आईने शाळेत येऊन माझी तक्रार केली.

मघाशी पडद्यावर मराठी शब्दही आला होता, स्वमग्नता. तो वाचून मी निर्धास्त बसले होते. स्वतःत मग्न व्हायला मला वेळ कुठे असतो? माझा अख्खा दिवस दुसऱ्यांत मग्न राहण्यात जातो. भोंगाची भुवई का चढली, चिमटी गप्प झाली ती रागावून की भुकेने, बाई गमतीने ओरडल्या की खरोखर. हे सगळं लावत बसते मी, आणि मला वाटायचं, सगळेच लावत बसत असतील. मला फक्त जरा जास्त वेळ लागत असेल.

मॅडम बोलत राहिल्या आणि भोंगा हळूहळू माझ्याकडे वळली. चिमटीने चिमटा काढला नाही, नुसता हात ठेवला. 

मधल्या सुट्टीत मी मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी मला बसवलं आणि पुष्कळ वेळ काहीच विचारलं नाही. त्यामुळे मला तयार वाक्य वापरता येईना आणि मी एकदम खरंच बोलून गेले. सगळं. त्या शेवटी म्हणाल्या, "मी हे ठरवू शकत नाही, ते माझं काम नाही. पण एक मानसतज्ज्ञ बाई आहेत, मुलींचंच बघतात, वेळ घेऊन बघतात. आई-बाबांना सांग. त्यांना वाटलं तर मला भेटायला सांग."

"त्यांना वाटलं तर" याच्यावर सगळं अडणार होतं, आणि ते का, हे कळायला आमचं दुकान बघावं लागेल.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काचेचा काउंटर, तो आईचा. मग पडदा, पडद्याआड डोळे तपासायची अंधारी खोली, ती बाबांची. आणि सगळ्यात मागे काचा फ्रेमच्या आकारात घासायचं मशीन, ते आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती दिवसभर कानांत जाड बोळे घालून काचा घासते. तिला चहा त्याच एका निळ्या कपात लागतो. मागच्या खोलीत कुणी अनोळखी माणूस डोकावला तर तो जाईपर्यंत ती मशीनच्या बटणांकडे बघत राहते. "तिचा स्वभावच तसा," असं घरात म्हणतात आणि विषय मिटतो. तिने घासलेली काच फ्रेममध्ये बसते तेव्हा टक असा बारीक आवाज होतो. हा आवाज मला जगातल्या कुठल्याही गाण्यापेक्षा आवडतो, पण असं मी कुणाला सांगत नाही. म्हणजे सांगत नव्हते.

मी याच दुकानात वाढले. लहानपणी मला कुठे ठेवायचं हा प्रश्न असायचा, म्हणून बाबांच्या खोलीत उंच स्टुलावर ठेवायचे. समोर अक्षरांचा उजेडातला तक्ता. लोक खुर्चीत बसायचे, एक डोळा झाकायचे आणि वाचायचे. ट, प, र, न. चुकायचे, थबकायचे, बाबा काच बदलायचे, मग बरोबर वाचायचे. बाकीच्या मुलांना बडबडगीतं यायची, मला तक्ता यायचा.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती बाबा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. बाबा दर वाढदिवसाला माझे डोळे तपासायचे. मी खालच्या सगळ्यात बारीक ओळीपर्यंत खडखडीत वाचायचे. "पोरीची नजर घारीची आहे," असं बाबा येईल त्याला सांगायचे. शाळेत मला फळा म्हणजे नुसती हिरवी भिंत दिसायची, पण मी शेजारणीच्या वहीत बघून उतरवायचे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकदा दुकानाला रंग दिला. जुना तक्ता काढताना फाटला, नवा आला. बाबांनी तो लावला, दिवा लावला आणि मला सहज म्हणाले, "चल, उद्घाटन तू कर. वाच." मी वाचलं. ट, प, र, न. बाबा म्हणाले, "खालची." मी खालची वाचली. त्याच्याही खालची वाचली. एकही अक्षर जुळत नव्हतं. मी जुना तक्ता वाचत होते.

आई पडद्यापाशी येऊन उभी राहिली. बाबांनी त्या दिवशी दुकान भर बाजाराच्या वेळेला बंद केलं. आत्याने तिथल्या तिथे माझा पहिला चष्मा केला, आणि तो घालून मी बाहेर आले तर समोरच्या गच्चीवर माणसं होती. मला तोवर वाटायचं ते भिंतीवरचे डाग आहेत.

"सगळ्या गावाचे डोळे तपासतो आणि घरचेच राहिले," असं बाबा शेवटी म्हणतात. गिऱ्हाईक हसतं, बाबा हसतात, मीही हसते. कुठे हसायचं ते मला माहीत आहे.

तर त्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. आत्या घरीही नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत तिच्या छोट्या टेबलावर जेवत होती, दार उघडं होतं.

"शाळेतल्या मॅडमनी मला एका बाईंना दाखवायला सांगितलंय."

"का? काय झालंय?" आईने वाढता हात थांबवला.

"बहुतेक मला ऑटिझम असेल."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "कुणाला?"

"मला."

"तुला?" आणि ते हसले. वाईट हसले नाहीत, सुटल्यासारखे हसले. "अगं, एक फ्रेम घ्यायला आलेल्या माणसाला दोन विकून पाठवतेस तू. परवा त्या वकीलबाई आल्या होत्या, काय गोड बोलत होतीस त्यांच्याशी. मी आतून ऐकत होतो."

"ती वाक्यं आईची आहेत, बाबा. 'तुमचा चेहरा गोल आहे, तुम्हाला चौकोनी शोभेल.' आणि मग थोडं मागे सरकून बघायचं. ते सरकणं पण आईचं आहे."

"मग माणसाने शिकू नये का काही?" आई म्हणाली. "मी पण शिकलेच. लग्न होऊन आले तेव्हा गिऱ्हाईक आलं की मी पडद्याआड पळायची. विचार यांना."

"पळायची," बाबांनी साक्ष दिली.

"पण आता तुला दमायला होतं का? म्हणजे शाळेतून आल्यावर मी अंधाऱ्या खोलीत जाऊन बसते ना, तसं?"

"तुला दुकानाची ओढ आहे म्हणून बसतेस."

"मला अंधाराची ओढ आहे, आई. तिथे चेहरे नसतात."

आईने वाढायचा चमचा पातेल्यात ठेवला. मग म्हणाली, "सोमवारचं पोट दुखतं म्हणालीस, सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. तरी शाळेत जबरदस्ती केली नाही तुला. आणखी काय करायचं आम्ही? चारचौघींसारखी हसतेस, खेळतेस, मैत्रिणी आहेत. आता कुणी बाई येऊन सांगणार आणि आम्ही ऐकायचं?" तिचा आवाज एकदम खाली आला. तिने उघड्या दाराकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "शिक्का एकदा बसला की पुसत नाही. आज शाळेत बसेल, उद्या सगळीकडे. मग लोक तुलाही..."

तिने वाक्य सोडून दिलं. मागच्या खोलीतला चमच्याचा आवाज थांबला होता.

बाबांनी मधला मार्ग काढला. बाबा नेहमी मधला मार्ग काढतात, ते दुकानातही मधोमधच बसतात. "त्या बाईंचं नंतर बघू. आधी आपल्या डॉक्टरांना विचारू. ते आपले आहेत, उगाच घाबरवणार नाहीत."

आपले डॉक्टर म्हणजे आपले गिऱ्हाईक. त्यांचा चष्मा आमच्याकडचा, त्यांच्या बायकोचा आमच्याकडचा, सासऱ्यांचाही. मी काउंटरवर उभी राहायला लागल्यापासून त्यांना ओळखते. म्हणजे मी कशी आहे हे त्यांनी जिथे बघितलं, ते आमचं काउंटर.

तिथे काय झालं ते सांगताना मला अजून हसू येतं आणि रडूही. मी शपथेवर ठरवून गेले होते की मॅडमशी बोलले तसं बोलायचं. पण डॉक्टरांनी मान वर करून "काय म्हणतात चष्मेवाले?" असं विचारलं आणि माझ्या आतलं दुकान आपोआप उघडलं. शटर वर, दिवे चालू. मी हसले. मी थोडी पुढे झुकले. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

डोळ्यांत म्हणजे नाकावर. हे माझं सगळ्यात जुनं कसब आहे. चष्मा जिथे टेकतो ना, दोन डोळ्यांच्या मधे, तिथे बघायचं. समोरच्याला वाटतं डोळ्यांत बघतेय. मला तिथे बघायला आवडतंही, कारण प्रत्येकाची ती जागा वेगळी असते, कुणाची रुंद, कुणाची धारदार, कुणाची एका बाजूला कललेली. डॉक्टरांच्या चष्म्याचं नाकावरचं डावं पॅड ढिलं झालं होतं आणि चष्मा तिरका बसला होता.

"झोप लागते का?"

"लागते, काका."

"मैत्रिणी आहेत?"

"दोन. एक मोठ्याने बोलते आणि दुसरी चिमटे काढते, त्यामुळे झोप शाळेत लागत नाही."

डॉक्टर हसले. बाबा हसले. आईचे खांदे खाली आले, म्हणजे इतका वेळ ते वर होते हे मला तेव्हा दिसलं.

"गर्दी, गोंगाट? त्रास होतो?"

इथे खरं सांगायचं होतं. वाक्य घशापर्यंत आलं. आणि मी ऐकलं की मी म्हणतेय, "काका, तुमचं डावं पॅड ढिलं झालंय. दुकानात या, घट्ट करून देते. नाहीतर तुम्हाला सगळे पेशंट तिरके दिसायचे."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. "बघा. ही मुलगी मला तपासायला आलीय की मी हिला तपासतोय? नजरेला नजर देऊन बोलते, विनोद करते. अहो, काही नाही. वय आहे. मोबाइलवर काहीतरी बघतात, मैत्रिणी काहीतरी बोलतात आणि डोक्यात घेतात. थोडं लोह कमी असेल, गोळ्या देतो."

बाहेर आल्यावर बाबांनी आइस्क्रीम घेतलं. आईने स्वतःच्या कपातलं अर्धं माझ्या कपात घातलं. दोघं इतकी मोकळी, इतकी हलकी दिसत होती की मला त्यांच्यासाठी खरंच आनंद झाला. आणि मी आइस्क्रीम खाताना "मस्त" म्हणाले, भोंगा म्हणते तसं, "म" वर जोर देऊन.

दुकानावर आलो तेव्हा दुपारची बंद वेळ होती. मी पडदा सरकवून अंधाऱ्या खोलीत गेले आणि बाबांच्या खुर्चीच्या मागे, भिंत आणि कपाटाच्या मधल्या फटीत जाऊन बसले. माझे हात आपोआप हलायला लागले. लहानपणी हलायचे तसे, बोटं झटकल्यासारखे. आईने ती सवय मोडली होती, "पाणी झटकतेस का" असं म्हणून म्हणून. मी हलू दिले. मला रडू येत नव्हतं. नुसतं असं वाटत होतं की मी परीक्षेला बसले, पहिली आले, आणि परीक्षाच चुकीची होती.

पडदा हलला. आत्या होती. तिने दिवा लावला नाही. ती आली आणि बाबांच्या स्टुलावर, मी लहानपणी बसायचे त्याच स्टुलावर, बसली.  आत्याबरोबर गप्प बसण्यात कुठलंच काम नसतं.

मग ती म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. लोह कमी आहे."

"तू काय केलंस तिथे?"

"नीट वागले."

"पाठ होतं?"

"हो."

आत्याने मान हलवली. ती माझ्याकडे बघत नव्हती, दिवा विझलेल्या तक्त्याकडे बघत होती. "मीही करायची. शाळेत, लग्नं-बिग्नं असली की, पाहुणे बघायला यायचे तेव्हा. खूप पाठ केलं होतं. मग एक दिवस सगळं विसरले. म्हणजे विसरले नव्हते, उचलवेना. पाहुण्यांसमोर बसले आणि तोंडातून एक शब्द निघेना. नंतर मशीन आलं. तुझा बाबा म्हणाला, ताई, तू मागे बस, तुला कुणी त्रास देणार नाही." मग म्हणाली, "कुणी दिला नाही. तुझा बाबा चांगला आहे."

"तुला मागेच बसायचं होतं?"

आत्याने बराच विचार केला. तिला प्रश्न विचारला की ती खरंच विचार करते, नुसतं तोंड तसं करत नाही. "मशीन मला आवडतं," ती म्हणाली. "पण मला कुणी विचारलं नव्हतं. पुढे उभं राहायचं तर नीट वागायचं, नाहीतर मागे. तिसरं काही कुणाला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं."

मग ती उठली, दुपारची कामं होती. पडद्यापाशी थांबून म्हणाली, "तुझा पहिला चष्मा मी केला तेव्हा तू किती वेळ गच्चीकडे बघत होतीस. कुणी काही बोललं तरी ऐकत नव्हतीस."

ती गेली आणि पलीकडे मशीन सुरू झालं. मी फटीतून बाहेर आले, भिंतीवरचं बटण चाचपलं आणि तक्त्याचा दिवा लावला. त्या जुन्या प्रकारानंतर बाबांनी कागदी तक्ता काढून टाकला होता. आता फिरवता येणारी पेटी आहे, प्रत्येक बाजूला वेगळी अक्षरं, आणि माझे डोळे तर ते आता नंबर काढायच्या मशीनवरच तपासतात, मला विचारायच्या भानगडीत पडत नाहीत. मी चष्मा काढला. सगळं धुकं झालं. आणि मी वाचायला लागले. मनात नाही, मोठ्याने. पेटी फिरवली, पुन्हा वाचलं. मग मला काय करायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, अजून गिऱ्हाईक नव्हतं. आई काउंटरची काच पुसत होती. मी आत तपासायच्या खुर्चीत जाऊन बसले.

"बाबा, माझे डोळे तपासा."

"दिसत नाहीये का? नंबर वाढला?"

"तपासा तर. मशीनवर नको. पेटीवर. चष्म्याशिवाय."

बाबांना वाटलं काहीतरी गंमत आहे. त्यांनी चष्मा काढून घेतला, दिवा लावला. "कुठली बाजू?"

"कुठलीही. नुसतं वरचं मोठं अक्षर सांगा, माझ्यापर्यंत तेवढंही पोचत नाहीये."

"ग," बाबा म्हणाले.

मी वाचलं. मोठी ओळ, मधली ओळ, बारीक ओळ, अगदी शेवटची, जी वाचताना धडधाकट नजरेचे लोकही डोळे बारीक करतात. एकदाही अडखळले नाही. बाबांनी पेटी फिरवली आणि न हसता नवं अक्षर सांगितलं. मी वाचलं. पुन्हा फिरवली. वाचलं. पुढची काच पुसायचा आवाज बंद झाला आणि पडद्यात आई येऊन उभी राहिली. मला ती दिसत नव्हती, नुसता तिच्या रंगाचा एक डाग दिसत होता.

"हे कसं शक्य आहे?" बाबा म्हणाले. माझा नंबर त्यांना तोंडपाठ आहे. चष्म्याशिवाय मला त्या पेटीच्या जागी पेटी आहे एवढंच कळतं.

"पाठ आहे," मी म्हणाले. "सगळ्या बाजू. मी मुद्दाम नाही केलं. मी ऐकते आणि ते होतं." मग मी श्वास घेतला. हे वाक्य मी पाठ केलं नव्हतं, त्यामुळे ते तुटक आलं. "काल डॉक्टरांकडे मी हेच केलं, बाबा. त्यांनी विचारलं आणि मी वाचून दाखवलं. सगळं बरोबर आलं. पण दिसत नाही मला. तेव्हाही दिसत नव्हतं."

बाबा हातातल्या माझ्या चष्म्याकडे बघत राहिले. ते चष्म्याच्या काड्या उघडत होते, मिटत होते. ज्या गोष्टीवर त्यांनी इतकी वर्षं लोकांना हसवलं ती त्यांना आता हसवत नव्हती.

"मी शिकवलं तुला," आई पडद्यातून म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं ते मला ओळखता येईना, त्यासाठी माझ्याकडे काहीच जमवून ठेवलेलं नव्हतं. "हसायचं कसं, बघायचं कसं. तू लहान होतीस ना, तेव्हा तू हात झटकायचीस आणि मला भीती वाटायची. ताईंना बघत होते मी रोज. मला वाटलं, लवकर शिकवलं की येतं."

"आलं की," मी म्हणाले. "सगळं आलं, आई. तू छान शिकवलंस. म्हणून तर कुणाला कळलं नाही."

ती आत आली. माझ्या डोक्यावर हात ठेवणार होती, मग मधेच थांबली आणि विचारलं, "ठेवू?" असं तिने मला जन्मात विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "ठेव, पण जोरात. हलका ठेवलास की शिरशिरी येते." तिने दाबून ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं..." ती म्हणाली.

"हो."

बाबांनी घसा साफ केला. "मग आता? पुन्हा डॉक्टरांना सांगायचं का? त्यांना असं दाखवलं तर..."

"नाही," मी म्हणाले. मी हात पुढे केला, त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला. मी तो घातला आणि दोघं स्पष्ट झाली. आईच्या हातात अजून काच पुसायचा कपडा होता. मी आईच्या नाकावर बघितलं नाही, बाबांच्याही नाही. मी खाली माझ्या हातांकडे बघितलं, ते हलत होते, आणि मी त्यांना हलू दिलं.

"मी मॅडमना आज सांगणार आहे की त्या बाईंची वेळ घ्या. तुम्ही दोघं मॅडमना भेटायला या, नाहीतर त्यांना फोन करा, पण मी जाणार हे नक्की. तिथे मी काहीही पाठ करून जाणार नाही. बोलावंसं वाटलं नाही तर बोलणार नाही. त्या बाईंना मी विचित्र वाटले तर वाटू दे, तुम्ही बाहेरून सावरून घ्यायचं नाही, 'घरी फार बोलते हो' असं म्हणायचं नाही. आणि त्या काहीही म्हणाल्या, तरी मी काउंटर सोडून मागच्या खोलीत बसणार नाही, आणि काउंटरवर रोज दुकान उघडून उभीही राहणार नाही. मला जेवढं जमेल तेवढं, जसं जमेल तसं. हे मी ठरवलंय. आणि आत्या माझ्याबरोबर येणार आहे. मी सकाळी तिला विचारलं. तिने बराच वेळ विचार केला आणि हो म्हणाली."